दहा वर्षांच्या मुलीला ‘इनोला होम्स’ दाखवावा का?

तुम्ही विचारलंय, मुलगी दहा वर्षांची आहे, ‘इनोला होम्स’ हा सिनेमा दाखवला तर चालेल का? आणि पुढे जोडलंय, ‘आधीच ती सगळ्यांत नाक खुपसते, त्यात भर तर पडणार नाही ना?’ मी लिहायला बसले ती त्या नाकामुळे.

भर पडेल. पडू दे.

१९९६ चा मे महिना, मी तेरा वर्षांची. डोंबिवलीत आमची तीन मजली इमारत, आम्ही पहिल्या मजल्यावर, काका तिसऱ्या. दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीतून अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या चोरीला जायला लागल्या. आज दुसऱ्या मजल्यावर, परवा आमच्या शेजारी. संशय अर्थातच पेपर टाकणाऱ्या पोरावर. सेक्रेटरींनी त्याला जिना चढायची बंदी केली आणि पुढच्या आठवड्यात तो बदललाच गेला.

महिनाअखेरीला काकू म्हणाली, रद्दीवाला आलाय, एवढा गठ्ठा खाली देऊन ये. त्या काळी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीत घालत असत. आमच्या काकूची पिशवी म्हणजे कात्रीने सरळ कापलेलं टोक, उलटी करून धुतलेली, इस्त्री केल्यासारखी सपाट. त्या गठ्ठ्यात मधेच चिकटलेल्या, आंबूस वास येणाऱ्या पिशव्या निघाल्या, टोक दातांनी तोडलेलं. जिन्यात बसून मोजल्या. एकूण तीस, त्यात वासाच्या नऊ. काकूच्या कॅलेंडरवर त्या महिन्यात दहा चौकोनांत ‘दूध बंद’ लिहिलेलं, कारण ती मुलांना घेऊन माहेरी गेली होती. म्हणजे रोजची एक धरून एकवीसच असायला हव्या होत्या. इमारतीत तक्रारी आठ झाल्या होत्या. एकजण बोलला नसावा.

मी हे जेवताना सांगितलं. सगळ्यांसमोर. चूक असेल तर तेवढीच. आजी म्हणाली, मुलीच्या जातीला एवढ्या चौकशा कशाला? बाबा म्हणाले, मोठ्या माणसांवर पाळत ठेवतेस? काका वरणभात कालवत राहिले. जूनमध्ये मला शिवणक्लासला घातलं. पेपरवाल्या पोराला परत बोलवा, असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही.

म्हणून २०२० साली हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला तेव्हा मी तो एकटीने बसून पाहिला. १८८४ चं इंग्लंड, इनोलाच्या सोळाव्या वाढदिवशी आई घरातून नाहीशी होते. मागे काय ठेवते? फुलांची चित्रं आणि शब्दकोडी. ‘शेवंतीत बघ’ एवढ्या निरोपावरून मुलीला आईने ठेवलेले पैसे सापडतात. फुलं रंगवणं हा बायकांचा वेळ घालवायचा उद्योग, तिकडे थोरला भाऊ मायक्रॉफ्ट कशाला बघेल! त्याला एकच सुचतं, पोरीला वळण लावणाऱ्या शाळेत डांबायचं. दुसरा भाऊ, तो प्रसिद्ध गुप्तहेर शेरलॉक, त्यातल्या त्यात बरा, पण तोही बराच वेळ नुसता बघत उभा. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पिशवीतला फरक या दोघांपैकी एकालाही कळला नसता. इनोला झालेली मिली बॉबी ब्राउन मधूनमधून थेट कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलते, काहींना ते खटकतं. मला तेच आवडलं, घरात कुणी ऐकत नसलं की माणूस असंच बोलतं.

हां, भीतीचं राहिलंच. अमेरिकेत त्याला पीजी-१३ आहे, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांसाठी पालकांना सावधगिरीचा इशारा, उगीच नाही. एक मारेकरी इनोलाचं डोकं पाण्यात बुडवून धरतो, तो प्रसंग लांबतो. बंदूकही आहे. दहा वर्षांची असेल तर शेजारी बसा, किंवा दोन वर्षं थांबा. २०२२ चा दुसरा भाग आणखी मोठ्या मुलींसाठी. त्यात काड्यापेटीच्या कारखान्यातल्या मुली आणि फॉस्फरसचं विष आहे. अगदी सौम्य हवा असेल तर एमा रॉबर्ट्सचा २००७ चा ‘नॅन्सी ड्रू’ बघा, तीही गुप्तहेर मुलगीच. त्यात मात्र वडील नॅन्सीकडून तपास बंद करायचं वचन घेतात. मला तिथे उठावंसं वाटलं.

आणि कृपा करून मुलीला ‘आगाऊ’ म्हणू नका. आमच्याकडे अजून गणपतीत मी आले की चुलतभाऊ ‘आली सीआयडी’ म्हणतो आणि काका हसून सांगतात, अगं, त्या दहा दिवसांत माझे मित्र यायचे, मीच दूध विकत आणलं होतं. काका, विकतचं दूध तुम्ही आणलं असतंत तर काकू परत आल्यावर पहिल्याच दिवशी हिशेब मागितला असता. तिने कॅलेंडरवर पेन्सिलीचे चार आणेसुद्धा लिहून ठेवले होते.