जुना लाकडी प्रोपेलर मिळालाय. कुठल्या विमानाचा ते कसं ओळखायचं? आधी पॉलिश करून घेऊ का?

पॉलिश करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आमच्या गावच्या घरी पडवीत असाच एक पंखा टांगलेला होता. आजोबा जुहूच्या विमानतळावर सुतारकाम करायचे. पात्याला चीर गेली म्हणून मोडीत निघालेला तो पंखा त्यांनी एसटीच्या टपावर टाकून गावी आणला. थोरले काका आल्यागेल्याला सांगायचे, ‘स्पिटफायर या लढाऊ विमानाचा आहे, लढाईतला!’ २००९ साली लग्नघर म्हणून रंगकाम निघालं, तेव्हा काकांच्या मुलाने, म्हणजे दादाने, तोही पॉलिशवाल्याला दिला. त्याने सरळ मशीन फिरवलं. मी पोचलो तेव्हा पंखा नवऱ्या मुलासारखा चकाकत होता आणि मधल्या तुंब्यावर (पाती जिथे जुळतात तो जाड भाग) ठोकलेली अक्षरं साफ गेली होती.

ती अक्षरं म्हणजेच त्याची जन्मपत्रिका. इंजिनाचं नाव, अश्वशक्ती, ड्रॉइंग नंबर, डी म्हणजे व्यास, पी म्हणजे पिच, एका फेऱ्यात पंखा पुढे सरकेल ते अंतर. तुम्हीही आधी तुंबाच बघा. अश्वशक्तीपुढे पीएस असेल तर माल बहुधा जर्मन.

नशीब माझं, की पाचवीत असताना नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तशी मी त्या अक्षरांवर घासली होती. वही सापडली. ‘गिप्सी मेजर’ स्वच्छ वाचता येतं. म्हणजे टायगर मॉथ या वैमानिकांना शिकवायच्या विमानाला असायचं ते इंजिन, १३० अश्वशक्तीचं. दादा म्हणतो, वहीत काय, कोणीही काहीही घासेल.

बरं, वही राहू दे. पंख्याची फुगीर बाजू आपल्याकडे करून धरा, ती विमानाची पुढची बाजू. पात्याची जाडसर, गोल कड (बहुतेकदा तिच्यावर पितळी पत्रा असतो) हवा कापत जाते, म्हणजे पंखा तिकडे फिरतो. आमचा समोरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरेल असा आहे. गिप्सी मेजर तसंच फिरतं. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन समोरून बघितलं तर उलटं. अगदी पहिल्या स्पिटफायरना दोन पात्यांचा लाकडी पंखा होता, एवढं काकांच्या बाजूने मान्य. पण तो १० फूट ८ इंचांचा, आमचा जेमतेम सव्वासहा फूट. शिवाय स्पिटफायर हिंदुस्थानात लढायला आली १९४३ मध्ये, तोवर तिला तीन-चार पाती झाली होती.

तुमच्या तुंब्याला बोल्टची भोकंच नसतील, किंवा फळ्या एकावर एक चिकटवल्याच्या रेघा दिसत नसतील, तर बहुधा दिवाणखान्याच्या शोभेसाठी केलेली वस्तू आहे. चोरबाजारात विकणारा शपथेवर काहीही सांगतो.

आणि हो, इंजिन कळलं म्हणजे विमान कळलंच असं नाही. गिप्सी मेजर एकट्या टायगर मॉथला नव्हतं, त्यामुळे ‘टायगर मॉथच’ असं मीही छातीठोक म्हणणार नाही. कीड लागली असेल तर तेवढं औषध जरूर मारा, फक्त अक्षरांना हात लावू नका.

व्यास आणि फिरायची दिशा इथेच कळवा. दादाही इथलं वाचतो. वही अजून त्याच कपाटात आहे.