बाळाची छाती घुरघुरते आणि डॉक्टर नुसते नाकाचे थेंब देतात

प्रश्न : माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. थोरली अंगणवाडीतून सर्दी घेऊन आली, दोन दिवसांत बाळालाही झाली. आता छाती घुरघुरते, खोकल्याने रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी ब्राँकिओलायटिस सांगितलं आणि फक्त मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब दिले. अँटिबायोटिक नाही, खोकल्याचं औषध नाही. आज पाचवा दिवस. सासूबाई म्हणतात, डॉक्टर बदल. शेजारणीच्या बाळाला वाफेचं मशीनही लावलं होतं. आंघोळीनंतर आम्ही ओवा-लसणाची धुरी देतो, ती चालू ठेवू का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, डॉक्टर बदलू नका. काहीही लिहून न देणं हे आमच्या धंद्यात फार अवघड काम असतं, आणि ते त्यांनी केलंय. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मला ते जमायचं नाही. आईबाप हातात बाटली घेऊन गेले की त्यांना बरं वाटायचं, मलाही.

हा आजार विषाणूचा, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या. तुमच्या लेकीला त्याने नुसतं शेंबडं केलं असेल. बाळाच्या फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्या मात्र तेवढ्यानेही सुजतात आणि चिकट कफाने तुंबतात. अँटिबायोटिकचा विषाणूवर काडीचाही उपयोग नाही. दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळतात, ते मशीनमधल्या औषधाने सैल पडतात. इथे अडचण सुजेची आणि चिकट्याची, म्हणून बहुतेक बाळांना त्या मशीनने फरक पडत नाही. तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात वाईट. म्हणजे तुम्ही घाटाच्या माथ्यावर आहात. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळेल, त्याला घाबरू नका.

घाबरायचं कशाला, ते मोजून ठरवा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि छाती-पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त म्हणजे जलद. त्याच दिवशी दाखवा. पंचवटीतले एक आजोबा नातीला घेऊन आले तेव्हा कॅलेंडरचं पानच फाडून आणलं होतं. दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत, 'दीड लिटर'च्या खाली, पेन्सिलीने आकडे : ५४, ५८, ६२. मी बाकी काही विचारलं नाही, आधी ऑक्सिजन लावला. सासूबाईंना हे काम द्या. त्या चोख करतील.

दुसरी मोजणी दुधाची. नाक चोंदलं की बाळ दोन घोट ओढतं, सोडतं, रडतं. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, मिनिटभर थांबा, पुसा, मग पाजा. थोडं थोडं, पण वरचेवर. नेहमीच्या निम्म्याहून कमी पितंय, किंवा बारा तास लंगोट कोरडा असेल, तर दवाखाना गाठा. श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलतायत, बाळ कण्हतंय, मलूल पडलंय, श्वास मध्येच थांबतोय, ओठ निळसर दिसतायत, यातलं एक जरी दिसलं तर रात्रीचे दोन असले तरी निघा. १०८ ला फोन लावा. तीन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा हृदयाचा दोष असलेलं बाळ असेल तर इतकीही वाट पाहू नये.

धुरी आजपासून बंद. नाशिकच्या थंडीत खिडक्या लावून शेगडीवर ओवा टाकला की खोली कशी कोंदते, तुम्हाला ठाऊक आहे. सुजलेल्या नळ्यांना तो धूर झोंबतो. डासांची कॉइल, उदबत्ती, घरातली बिडी-सिगारेट, तेही त्यातच आलं. नाकात तेल घालू नका, ते फुफ्फुसात उतरतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका. पातेल्याची वाफ तर नकोच. भाजलेली पोरं मी पाहिली आहेत. ऊब द्यायची तर टोपडं, मोजे आणि तुमची कूस.

आणि थोरलीला अंगणवाडीतून आल्यावर आधी मोरीवर पाठवा. साबणाने हात धुतल्याशिवाय भावाचा पापा नाही.