ओगबोनोच्या बिया वजन आणि साखर कमी करायला रोज घ्याव्यात का?

लागोसहून आलेल्या नातेवाइकांनी अर्धा किलो ओगबोनो दिलंय. आईला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) आणि थायरॉईडची गोळी चालू आहे. तिला रोज सकाळी अनशापोटी चमचाभर पूड पाण्यातून द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. तो बेत रद्द करा. बिया मात्र टाकू नका. त्यांचं सूप करा, ते आईलाही बेताने चालेल.

ओगबोनो म्हणजे इर्विंगिया या झाडाची बी. नायजेरिया, कॅमेरून, गॅबन या पट्ट्यातल्या जंगलांत हे झाड वाढतं. फळ आंब्यासारखं दिसतं, म्हणून कॅप्सूलवाले त्याला ‘आफ्रिकन मँगो’ म्हणून विकतात. आपल्या आंब्याशी त्याचं काही नातं नाही, त्यामुळे कोयीच्या पुडीचे घरगुती उपाय इथे लावू नका. दोन जाती खाण्यात आहेत: गोड गराची गॅबोनेन्सिस आणि कडू गराची वोम्बोलू. सूपला दुसरीची बी जास्त मानतात, कारण तिला तार चांगली सुटते.

आता वजनाचं. या बीत ६० ते ७० टक्के चरबी असते, तीही बहुतेक संपृक्त: मिरिस्टिक आणि लॉरिक आम्लं. १५ ग्रॅम पुडीत साधारण १० ग्रॅम चरबी, म्हणजे ९० कॅलरी एवढ्यातच झाल्या. मग वजन उतरतं हे आलं कुठून? कॅमेरूनमधल्या चाचण्यांतून. २००५ च्या चाचणीत ४० लठ्ठ माणसं होती, डोस जेवणाआधी १.०५ ग्रॅम बी-अर्क, दिवसातून तीनदा, महिनाभर. २००९ च्या चाचणीत १०२ माणसं, एका कंपनीचा खास अर्क १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा आठवडे. त्यात अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी १२.८ किलोने उतरलं आणि न घेणाऱ्यांचं ०.७ किलोने, असं छापून आलं. दहा आठवड्यांत, एवढ्याशा अर्कावर, तेरा किलो! असा आकडा दिसला की मला आधी शंका येते. २०१३ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनीही पुरावा अपुरा आणि चाचण्या कच्च्या असल्याचं म्हटलं. शिवाय हे सगळं अर्काबद्दल आहे. घरी दळलेल्या पुडीला तो हिशेब लागू होत नाही.

साखरेचं थोडं वेगळं आहे. बीतला चिकट तंतू पोटात पाणी धरून फुगतो, अन्न हळू पुढे सरकतं आणि जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. ईसबगोलचं काम असंच चालतं, आणि ते जास्त तपासलेलं, स्वस्त, शिवाय चरबी नसलेलं आहे. तंतूसाठीच काही द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून तेच द्या.

सकाळच्या पुडीत धोका कुठे आहे ते बघा. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटीच शोषली जाते, तिच्या आगेमागे चिकट तंतू गेला तर ती पूर्ण लागू पडणार नाही. ग्लिमेपिराइड खाल्लेलं असो-नसो साखर उतरवतं, त्यामुळे नाश्ता नीट पचनी पडला नाही तर घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. आणि कोरडी पूड कमी पाण्यात घेतली तर ती घशातच फुगते. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात अडथळा येऊन गेलाय, त्यांनी या वाटेला जाऊच नये. गरोदर बाई सूप खाऊ शकते, अर्काच्या कॅप्सूल नकोत. मूत्रपिंडाचा आजार असेल तरी कॅप्सूल बंद. त्यांचा आणखी एक ताप म्हणजे भेसळ: वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन हे औषध लपवून घातल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडलंय. हृदयाला धोका म्हणून ते तिथे २०१० मध्ये बाजारातून काढलं गेलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली. डबीवर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक नसेल तर हातसुद्धा लावू नका.

बी आधी फोडून बघा. आतून पांढरट किंवा सायीच्या रंगाची असेल तर चांगली. पिवळी-तपकिरी पडून तेलाचा खवट वास येत असेल तर टाकून द्या, आणि हिरवट-काळी बुरशी दिसली तर त्या पिशवीतलं काहीच ठेवू नका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवून जात नाही. उरलेली बी अख्खीच, हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. दळली की खवट व्हायला वेळ लागत नाही.

चौघांसाठी ६० ग्रॅम बी पुरे. मिक्सर थांबत-थांबत फिरवा, सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो (तोही वापरता येतो, गॅबनमध्ये तर त्याची वडी करून किसून घालतात). जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे लाल पाम तेल कोमट करा, गॅस बंद करा, मग पूड घालून गुठळ्या मोडेपर्यंत घोटा. इथेच बहुतेकांचं बिघडतं: तेलातून धूर निघत असताना पूड पडली की ती तळली जाते, करपट लागते आणि तार सुटतच नाही. आता मंद आचेवर मटणाचं गरम अळणी पाणी डावाडावाने घालत जा, एकूण सव्वा लिटरपर्यंत. वाळलेल्या कोळंबीची पूड, मिरची, सुका मासा घाला. झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं ढवळत राहा, उतू जातं आणि बुडाला लागतंही. शेवटी चिरलेला पालक, तीन मिनिटं. तिथे उगू किंवा कडूपाल्याची पानं घालतात. घट्ट झालं तर गरम पाणीच घाला. मसाल्याचे क्यूब टाळा, रक्तदाबवाल्यांना मिठाचा मारा तिथूनच होतो.

आईला दुपारी एक वाटी द्या. तिकडे हे एबाबरोबर (कसावा कंदाच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा) किंवा याम नावाचा कंद कुटून केलेल्या गोळ्याबरोबर खातात, आणि साखर त्या गोळ्याने वाढते, सूपने नाही. तिच्या ताटात एक ज्वारीची भाकरी ठेवा. पहिल्या वेळी जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा आणि आकडा लिहून ठेवा. पोट फुगलं किंवा वारा धरला तर पुढच्या वेळी अर्धीच वाटी.