सुझुकी हायाबुसा बाइकचा हायड्रॉलिक क्लच ब्लीड केला (ऑइलमधली हवा काढली) तरी लिव्हर स्पंजीच, गिअर अडकतो, काय करू?

मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरपाशी हँडलवर असलेला ऑइलचा पंप) बँजो बोल्टपाशी (ऑइलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) हवा अडकली असणार, आधी तिथून काढा, खालच्या निपलमधून (हवा काढायचं तोंड) कितीही ब्लीड केलंत तरी ती हवा निघत नाही कारण बुडबुडा वर चढतो आणि तुम्ही ऑइल खाली ढकलताय. गाडी सरळ उभी करा, साइड स्टँडवर नको, बोल्टला कापड गुंडाळा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट जरासा सैल करा, फसफस झाली की घट्ट करा आणि मगच लिव्हर सोडा. दोन-तीनदा केलं की फरक कळतो. मग खालच्या निपलला हेच, रिझर्व्हॉयर (वरची ऑइलची टाकी) मात्र रिकामं होऊ द्यायचं नाही, ऑइल म्हणजे डॉट ४ ब्रेक फ्लुइड, नवीन सीलबंद बाटलीतलं, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा नाहीतर रंग गेलाच. रात्रभर लिव्हर हँडलला बांधून ठेवायची युक्तीही चालते, माझ्या गाडीवर तर ब्लीडिंगपेक्षा तीच जास्त लागू पडली.

एक बघा, ब्रेकमध्ये पॅड झिजले की ऑइल खाली जातं, क्लचमध्ये प्लेटा झिजल्या की उलट वर येतं, त्यामुळे लेव्हल कमी होत असेल तर लीकेजच समजा:
- पुढच्या स्प्रॉकेटजवळ ओलं दिसलं तर स्लेव्हचं (खालचा, क्लच ढकलणारा सिलिंडर) सील
- लेव्हल तीच, बाहेर काहीच गळत नाही पण लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू क्लच लागायला लागतो तर मास्टरचं सील

स्लेव्ह काढलात तर लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतो. आणि लिव्हर कडक झाल्यावरही गिअर अडकत असेल तर प्लेटा बघाव्या लागतील, ब्लीडिंगने ते सुटणार नाही.