सेगीनची कैफियत आणि बेहारचे कागद

आपला प्रश्न असा आहे की, हुआन सेगीनवर मराठीत चरित्रलेख लिहायचा असून त्याने स्वतः लिहिलेल्या आठवणी हाताशी आहेत, तर दफ्तरखान्यातील कागदांपर्यंत जाण्याची खरोखर गरज आहे का. माझ्या मते आहे, आणि सेगीनच्या बाबतीत ती इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे.

त्या आठवणी केव्हा आणि का लिहिल्या गेल्या, हे आधी पाहावे. सेगीनचा जन्म १८०६ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियोत, म्हणजे तेव्हाच्या बेहारमध्ये, स्पॅनिश अमदानीत झाला. टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र होण्यासाठी लढत असताना, १८३६ च्या फेब्रुवारीत तो मेक्सिकन फौजेच्या वेढ्यात सापडलेल्या अ‍ॅलामो या सॅन अँटोनियोतील गढीतून निरोप घेऊन बाहेर पडला, एप्रिलमध्ये सॅन हसिंतोच्या निर्णायक लढाईत तेहानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या टेक्सासवासी, सैनिकांची तुकडी घेऊन लढला, पुढे टेक्सास प्रजासत्ताकाचा सिनेटर आणि सॅन अँटोनियोचा महापौर झाला. १८४२ मध्ये मात्र फितुरीचे आरोप आणि जिवाची भीती यांमुळे त्याला मेक्सिकोत जावे लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनरल वॉलच्या मेक्सिकन फौजेबरोबर तो आपल्याच गावावर चालून आला. मेक्सिको-अमेरिका युद्धानंतर तो परतला आणि १८५८ मध्ये त्याने या आठवणी इंग्रजीत छापल्या. आपल्या जन्मभूमीतच आपण परके ठरलो, ही त्यांतील व्यथा प्रसिद्ध आहे. ‘कैफियत’ हा आपला शब्द या पुस्तिकेला चपखल बसतो. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, परंतु आरोपाला उत्तर देणारा माणूस काय सांगायचे आणि काय गाळायचे हे त्या आरोपाकडे पाहूनच ठरवतो, हे चरित्रकाराने विसरून चालणार नाही.

स्मृतीचा प्रश्न तर याहून अवघड आहे. अ‍ॅलामोत पडलेल्यांचे देह मेक्सिकन सेनापती सांता आन्नाच्या हुकमाने जाळण्यात आले होते, आणि फेब्रुवारी १८३७ मध्ये त्या रक्षेचा लष्करी इतमामाने दफनविधी सेगीननेच केला. त्याच वर्षी मार्चमध्ये वृत्तपत्रात छापलेल्या वृत्तांतानुसार रक्षेची शवपेटी सॅन फर्नांडो चर्चमधून मिरवणुकीने नदीपलीकडे नेऊन चितास्थानी पुरली गेली. परंतु १८८९ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी लिहिलेल्या पत्रात सेगीन म्हणतो की, अवशेष चर्चमध्येच वेदीजवळ पुरले. १९३६ मध्ये त्या चर्चमध्ये खोदकाम करताना काही अवशेष सापडले आणि वाद पुन्हा पेटला. विधी करणारा माणूस एकच असताना पन्नास वर्षांत जागा बदलते, त्यामुळे मी तरी समकालीन वृत्तांताला अधिक वजन देईन.

आता कागदांविषयी. बेहार दफ्तर (स्थानिक लोक ‘बेअर’ म्हणतात) हे या विषयाचे मुख्य भांडार असून त्यात १७१७ ते १८३६ या काळातील अडीच लाखांहून अधिक हस्तलिखित पाने आहेत. १८९९ मध्ये ते सॅन अँटोनियोहून ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाकडे आले. राज्यपालांचा पत्रव्यवहार, हजेरीपट, फिर्यादी, शिरगणती असे सारे त्यात आहे. मात्र जमिनींची खरेदीखते आणि मृत्युपत्रे सॅन अँटोनियोतच, बेअर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कारकुनाकडे राहिली, म्हणून एकाच कुटुंबाचा माग काढायला दोन शहरांतली दफ्तरे पाहावी लागतात. स्त्रियांसाठी तर मृत्युपत्रे फार मोलाची आहेत, कारण स्पॅनिश कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवता येत असे, आणि ज्या स्त्रियांचा आठवणींमध्ये पुसटसाही उल्लेख नाही, त्यांची गुरे, घरे आणि देणी येथे एकेक करून नोंदलेली सापडतात.

हे सारे टिकले त्यात योगायोगाचा वाटाही मोठा आहे. टेक्सासच्या सीमेवरील लारेदो गावाचे जुने कागद १९३४ मध्ये सेब्रन विलकॉक्स नावाच्या न्यायालयातील लघुलेखकाच्या नजरेस पडले म्हणून वाचले. आज ते सॅन अँटोनियोच्या सेंट मेरीज विद्यापीठात आहेत.

चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदी वाचताना एक सावधगिरी बाळगावी. त्यांत ‘एस्पान्योल’ (स्पॅनिश), ‘मेस्तिसो’ (मिश्रवंशीय) असे जातिवाचक शब्द येतात, पण एकाच व्यक्तीपुढे निरनिराळ्या वर्षी निरनिराळा शब्द आढळू शकतो. तो शब्द पाद्र्याने वा कारकुनाने त्या दिवशी लिहिलेला असतो, त्यावरून वंशाचा निर्वाळा देऊ नये.

तुलनेसाठी सेगीनचा समकालीन होसे अँटोनियो नावार्रोचे लेखन अवश्य पाहावे. टेक्सासच्या १८३६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत टेक्सासातच जन्मलेले दोघेच होते, तो आणि त्याचा मामा फ्रान्सिस्को रुइस. बेहारच्या लोकांनी इंग्रजीभाषक वसाहतवाले येण्याआधी, १८१३ मध्येच स्वातंत्र्यासाठी रक्त सांडले होते, हे त्याने स्पॅनिशमध्ये लिहिले; ते आधी इंग्रजी भाषांतरात वृत्तपत्रांतून आले आणि १८६९ मध्ये मूळ स्पॅनिशमध्ये पुस्तकरूपाने निघाले. उद्धृत करताना शक्यतो त्या मूळ स्पॅनिशवरूनच करावे, कारण भाषांतरात त्याचा सूर भाषांतरकाराचा होऊन जातो.

सुरुवात आदान बेनाविदेस यांनी बेहार दफ्तरासाठी तयार केलेल्या नामसूचीपासून करावी. ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. शोधताना एका नावाची सगळी रूपे मनात ठेवावीत. इंग्रजी कागदांत हुआनचा जॉन होतो, आणि सेगीनच्या आठवणींच्या मुखपृष्ठावर तर त्याचे स्वतःचेच नाव जॉन असे छापलेले आहे.