गवा गाईचा आणि रानकोंबडा कोंबडीचा पूर्वज आहे का?

प्रश्न : दाजीपूरच्या जंगलात एकाच सकाळी गव्यांचा कळप आणि राखी रानकोंबडा पाहायला मिळाला. सोबतचे गृहस्थ म्हणाले की, आपली गाय गव्यापासून आणि कोंबडी या रानकोंबड्यापासून आली. हे खरे आहे का? — एक वाचक, चंदगड

उत्तर : गव्याबद्दलचे विधान चुकीचे आहे आणि रानकोंबड्याबद्दलचे थोडेसेच खरे आहे. आपल्याकडच्या वशिंड असलेल्या गाईबैलांचा पूर्वज म्हणजे ऑरॉक्स या नामशेष झालेल्या रानटी गुराची भारतीय उपजात. गवा त्याचा भाऊबंद असला, तरी त्याची जात निराळी. (‘गवारेडा’ या नावामुळे अनेक जण त्याला म्हशीच्या गोतात बसवतात, तेही बरोबर नाही.) त्याच्या पाठीवरचा उंचवटा लांबून वशिंडासारखा भासतो खरा, पण तो मणक्यांच्या लांब वाढलेल्या हाडांनी उचलून धरलेला असतो आणि वशिंड हे स्नायू व चरबीचे असते. ईशान्य भारतातला मिथुन मात्र गव्याचाच माणसाळलेला वंशज मानला जातो.

कोंबडीचा मुख्य पूर्वज हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारा लाल रानकोंबडा होय. तुम्ही पाहिलेला, मानेवरच्या पिसांना मेणासारखे चकचकीत ठिपके असणारा राखी रानकोंबडा ही वेगळी जात आहे. तरीही त्याने आपली खूण मागे ठेवली आहे : खुराड्यातल्या अनेक कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, आणि कातडीला तो रंग देणारे जनुक लाल नव्हे, तर राखी रानकोंबड्याकडून संकराने आले असावे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

एरवी या दोघांची तुलना ती काय करायची! एक हजार किलोच्या घरात जाणारा, तर दुसरा जेमतेम किलोभराचा. बांबूच्या बेटात मात्र दोघांची गाठ पडते. गवा कोवळे कोंब खातो आणि बांबू फुलून बी गळू लागले की, रानकोंबडे ते टिपायला जमतात.

गवा गाईचा पूर्वज नसला, तरी लाळ्या-खुरकुतासारखे गुरांचे रोग त्याला होण्याइतके त्यांचे नाते जवळचे आहे, त्यामुळे चंदगडसारख्या जंगलाकाठच्या भागात गुरांना वेळेवर टोचलेली लस गव्यांच्याही उपयोगी पडते.