‘काय म्हणतोस रे मनात?’

*प्रिय मावशी, सप्रेम सलाम.*
*मी चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. माझ्या शिफ्टमधला मित्र माळकरी आहे. दर आषाढीला रजा काढून दोन-तीन मुक्काम तरी तुकोबांच्या पालखीबरोबर चालतो. चार वर्षं आम्ही एकत्र डबा खातो. डबा उघडण्याआधी मी क्षणभर डोळे मिटतो. मागच्या महिन्यात त्यानं विचारलं, “काय म्हणतोस रे मनात?” मी म्हणालो, “काही नाही, असंच.” तेव्हापासून मनाला चैन नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यंदा प्रत्येकानं एक तरी जीव प्रभूकडे आणायचा, असं ठरलंय. माझा स्वभाव पडला भीडस्त. त्यात आता मित्राचे वडील दवाखान्यात आहेत. काही जण म्हणतात, हीच वेळ आहे, जाऊन येशूची सुवार्ता सांग. जाऊ का? आणि कंपनीत कुणी तक्रार केली तर?*
*— एक वाचक, पिंपरी*

बाळा, सलाम.

दवाखान्यात जरूर जा, आजच जा. डबा घेऊन जा आणि मित्राला म्हण, “आजची रात्र मी बसतो, तू घरी जाऊन झोप.” सुवार्तेचं त्या खोलीत काढू नकोस. असं का सांगते, त्यासाठी तुला एक जुनी गोष्ट ऐकावी लागेल.

१९७८ साली मी नुकतीच स्टाफ नर्स झाले होते, एका मिशन दवाखान्यात. अंगात उत्साह मावत नव्हता. एप्रनच्या एका खिशात थर्मामीटर असायचा, दुसऱ्यात शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका. रात्रपाळीला बायकांच्या वॉर्डात एक खेड्यातली बाई होती. दुसऱ्या दिवशी तिचं गर्भाशय काढायचं होतं. डोळ्याला डोळा लागत नव्हता तिचा. मी जवळ बसले, येशूविषयी बोलले, पुस्तिका हातात दिली. तिनं ती कपाळाला लावली आणि उशीखाली ठेवली. मला वाटलं, बी चांगल्या जमिनीत पडलं. मी उठले, तर तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, “सिस्टर, मी हे घेतलं नसतं, तरी सकाळी तुम्ही आला असता ना?”

ते वाक्य आज सत्तरी उलटली तरी मला आठवतं. मी मनापासून बोलले होते, त्यात खोट नव्हती. पण ती पलंगावर होती. तिची सुई, तिचं बेडपॅन, तिचं पाणी, सगळं माझ्या हातात. ‘नको’ म्हणायला जी मोकळीक लागते ती तिच्याकडे नव्हतीच. मग तिच्या ‘हो’ला तरी काय अर्थ होता? पहाटे ड्यूटी संपायच्या आधी मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, “मावशी, ते पुस्तक मला परत द्या. घरी जाताना वाटलं तर मागून घ्या.” तिनं लगेच काढून दिलं, आणि तिचा चेहरा सैल झाला. पुढचे आठ दिवस मी तिची वेणी घातली, तिच्या लेकीच्या सासरच्या गोष्टी ऐकल्या. घरी जाताना तिनं पुस्तक मागितलं नाही. तिच्यासाठी मी अजून प्रार्थना करते, नाव घेऊन.

तेव्हापासून कुणापाशी प्रभूचं नाव काढण्याआधी मी स्वतःला विचारते: या माणसाला इथून उठून जाता येईल का? तुझ्या मित्राच्या वडिलांना नाही येणार. मित्रालाही आत्ता नाही, तो धास्तावलेला आहे. त्यांनी आपणहून म्हटलं, “तू प्रार्थना करतोस ना, आमच्यासाठी कर,” तर कर. त्यांच्याच शब्दांत, दोन वाक्यांत. आणि बरं होण्याचं वचन देऊ नकोस, ते तुझ्या हातात नाही. डॉक्टरांचं औषध थांबवा असं कुणी सुचवलं, तर तिथल्या तिथे विरोध कर.

आता डब्याचं. तू ‘असंच’ म्हणालास, त्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण तिथे तुझा मित्र पूर्ण मोकळा होता. विचारलं त्यानंच. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगतो, की तुमच्या आशेविषयी जो विचारपूस करील त्याला उत्तर द्यायला तयार असा. आणि ते कसं द्यायचं? सौम्यतेनं आणि भीडस्तपणानं. हाच शब्द आहे आपल्या मराठी बायबलात. जो स्वभाव तू उणेपणा म्हणून मला कळवलास, तोच पेत्र मागतो आहे.

वडील घरी आले, तुमचं दोघांचं पुन्हा एकत्र जेवण सुरू झालं, की तूच विषय काढ: “त्या दिवशी तू विचारलंस आणि मी टाळलं. खरं सांगू का?” पुढे तू मनात जे म्हणतोस तेच सांग. अन्नासाठी आभार मानतोस, कुणाचे मानतोस, त्यानं तुझ्यासाठी काय केलं. घरी चार वाक्यं लिहून बघ आणि त्यातून तारण, अभिषेक, रक्तानं धुतलेले असे शब्द काढून टाक. आपल्याला ते प्रिय आहेत, पण त्याच्या कानाला ते परके आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध आठवतो? येशूनं त्याला दृष्टी दिली. परूशी, म्हणजे यहुद्यांचे धर्मपुढारी, त्याला धर्मशास्त्राचे प्रश्न घालतात. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो, आता दिसतं, एवढंच ठाऊक आहे. साक्ष म्हणतात ती हीच. न्यायालयातला साक्षीदारसुद्धा पाहिलं तेवढंच सांगतो, वकिली करत नाही.

मग त्याला विचार, वारीत चालताना त्याला काय होतं. आणि कान देऊन ऐक, आपली पाळी कधी येते याची वाट बघत ऐकू नकोस. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत, की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. पुलाला हलकं लेखून पलीकडची वाट दाखवता येत नाही.

टिळकांचीच गोष्ट बघ. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. आधी बोलणं झालं काव्यावर, धर्म नंतर आला, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थानं त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो खिडकीतून भिरकावला असता तर कोण अडवणार होतं? त्यांनी वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर मोडल्यासारखं झालं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे नगरला त्यांच्याजवळ राहायला आल्या, त्यासुद्धा आपलं सोवळं सांभाळून. टिळकांनी ते सांभाळू दिलं. स्वतः विचार करकरून त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या. पाच वर्षं! तुझ्या मंडळीनं तुला एक वर्ष दिलंय.

म्हणून त्या ‘एका जीवा’विषयी, पाळकसाहेबांचा मान राखून, माझं मत वेगळं आहे. येशूचा शिष्य अंद्रिया, त्यानं आपल्या भावाला येशूकडे आणलं ते ‘मशीहा सापडला’ या आनंदानं. कुणी त्याला आकडा दिला नव्हता. आकडा डोक्यात असला, की मित्राच्या जागी गिऱ्हाईक दिसू लागतं, आणि माणसाला ते फार लवकर कळतं. पाळकसाहेबांना हे नम्रपणे सांग. माझं पत्र दाखवलंस तरी चालेल.

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या २५व्या कलमानं धर्म पाळण्याचा तसाच त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिला आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. आपल्यातले बरेच जण या निकालानं खट्टू होतात, मी होत नाही. अंतःकरण पालटणं आपलं काम नव्हतंच, ते पवित्र आत्म्याचं. तू जेवणाच्या सुट्टीत, विचारलं तर बोल. मशीनवर नको, हाताखालच्या पोरांशी तर नकोच. तेही पलंगावरच्या रुग्णासारखेच, उठून जाऊ शकत नाहीत.

आणि तो म्हणाला, “मला माझा विठोबा पुरे,” तर? वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर त्याच्या शेजारी डबा उघड, आणि डोळे मीट.

*मावशी, नाताळच्या फराळाची ताटं शेजारी देताना करंज्यांखाली येशूविषयीची पत्रिका ठेवावी असं माझ्या जावेचं म्हणणं आहे. मला ते बरं वाटत नाही, पण कारण सांगता येत नाही.*
*— एक वाचक, श्रीरामपूर*

ताई, तुम्हाला बरं वाटत नाही यातच कारण आहे. त्याच शेजारणी दिवाळीला तुमच्याकडे चिवडा-लाडू पाठवतात ना? त्याखाली काही लपवलेलं नसतं. तुमची करंजीही करंजी म्हणूनच जाऊ द्या. त्यांना उपासनेला यायचं आमंत्रण द्यायचं असेल तर दारात उभं राहून तोंडानं द्या, म्हणजे त्यांनाही तोंडावर ‘जमणार नाही’ म्हणता येईल. माझ्या एका शेजारणीनं सहा नाताळ फक्त ताट घेतलं. सातव्या वर्षी विचारलं, “तुमच्या त्या जन्माच्या गोष्टीचं पुस्तक आहे का हो घरात?” जावेला हे सांगा. आणि लूकच्या शुभवर्तमानाची मोठ्या अक्षरांतली एक प्रत कपाटात ठेवा. कुणी मागितली तर उद्यावर टाकू नका, पदराला हात पुसा आणि लगेच काढून द्या.